पोरांच्या मैदानाला घरटी पाळी लावा

दसरा-दिवाळी सरली, सुगीची घाई जरा कमी झाली की गावोगावच्या क्रीडा मंडळांना जाग येते. पावसाळ्यात गवत माजलेलं मैदान साफ होतं, शाळेच्या पाठीमागे कबड्डीचा दम घुमू लागतो, खो-खोचे खांब पुन्हा रोवले जातात. त्याच सुमाराला मंडळाची चार पोरं पावतीपुस्तक घेऊन तुमच्या दारात उभी राहतात. "काका, यंदा जिल्ह्याला जायचंय. ड्रेस शिवायचेत." तुम्ही खिशात हात घालता, शंभराची नोट काढता, पावतीवर नाव नीट लिहिलं का ते बघता आणि पोरांना वाटेला लावता. झालं! वर्षभराचं कर्तव्य पार पडलं, असं आपण समजतो.

वाचकहो, आजचं आमचं म्हणणं त्या शंभर रुपयांबद्दलच आहे. ते देऊ नका असं आम्ही म्हणत नाही. जरूर द्या. पण ज्या घरातलं पोरगं किंवा पोरगी त्या मैदानावर खेळते, त्या घराचं देणं तेवढ्यावर फिटतं का, याचा विचार करायची वेळ आली आहे. कारण गावातली बहुतेक मंडळं मोडतात ती पैसे कमी पडले म्हणून मोडत नाहीत, राबणारे हात कमी पडले म्हणून मोडतात.

एका कबड्डी संघाचा साधा हिशेब मांडून बघा. सात खेळाडू मैदानात, पाच राखीव, म्हणजे बारा पोरं. तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद मैदान. आकडा छोटा वाटतो, पण मातीचं मैदान एकदा केलं आणि सुटलो असं होत नाही. दरवर्षी ते खणायचं, खडे वेचायचे, माती चाळून टाकायची, पाणी मारून दाबायची, फक्की मारायची. एक खडा राहिला तर पोराचा गुडघा फुटतो. मग संध्याकाळच्या सरावाला कुणीतरी मोठं माणूस हवं. दिव्याची सोय बघायची. सामन्याला जायचं तर गाडी ठरवायची, पोरांचे वयाचे दाखले, आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा करायच्या, वजन भरतं का ते आधी बघायचं, तिकडे गेल्यावर जेवणाचं बघायचं, कुणाला लागलं तर दवाखान्यात न्यायचं आणि रात्री प्रत्येकाला त्याच्या घरी पोचवायचं. यातलं पैशाचं काम किती आणि माणसाचं किती, तुम्हीच मोजा.

आता हे सगळं करतं कोण? तुमच्या गावाचं डोळ्यापुढे आणा. एखादे खेळाची आवड असलेले गुरुजी आणि नोकरीच्या शोधात असलेली दोन-तीन पोरं. बस्स. तेच पावत्या फाडणार, तेच मैदान मारणार, तेच गाडीत बसणार आणि संघ हरला की गावाच्या शिव्याही तेच खाणार. मग गुरुजींची बदली होते. त्या पोरांपैकी एकाला पुण्याकडे कंपनीत काम लागतं, दुसऱ्याचं लग्न होतं. पुढच्या दिवाळीला मैदानावर कुसळं उगवतात आणि मंडळाचा बोर्ड तेवढा गंजत राहतो. चाळीस-पन्नास घरांची पोरं जिथे खेळतात ते मैदान दोन माणसांच्या जिवावर चालवायचं, ही आपली रीत झाली आहे. ती बदलली पाहिजे.

ही जबाबदारी घराघरांत वाटून घेणं आपल्या मातीला नवीन नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण जायला पैसे कुठे होते? गावकऱ्यांनी आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट अजून सांगितली जाते. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते देणं फेडलं, तेही लोक आवर्जून सांगतात. पुढे ७२ वर्षांनी, २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. नाव एका खेळाडूचं होतं, पण त्यामागे घर झिजतं, गाव झिजतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि शिक्षणाचं उदाहरण घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती काही मोठ्या देणगीदारांच्या भरवशावर नव्हे. मुष्टिफंडाची त्यांची कल्पना जुन्या माणसांना ठाऊक असेल. दळण-कांडण करताना घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचं, त्यातून वसतिगृहातल्या पोरांच्या पोटाला आधार व्हायचा. एका मुठीने घर बुडत नाही, पण घरटी एक मूठ आली की पोरं शिकतात. शिवाय ज्या बाईने मूठ टाकली तिला ते वसतिगृह आपलं वाटू लागतं. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं होतं.

म्हणून आमची सूचना अशी, की मंडळाने पैशाच्या वर्गणीबरोबर हाताची वर्गणीही लावावी. शेतकऱ्याला सावड सांगायची गरज नाही. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येतो. पैशाची देवघेव नाही, हाताला हात. तीच सावड पोरांच्या मैदानाला लावा. ज्या घरचं पोर खेळतं त्या घराने हंगामात चार पाळ्या द्याव्यात. एक मैदानाची, एक सरावाच्या वेळी थांबण्याची, एक संघाबरोबर गाडीत जाण्याची आणि एक गावातल्या स्पर्धेच्या दिवशीची. चाळीस घरं धरली तर एकशे साठ पाळ्या होतात. मग कुठल्या गुरुजींना रोज संध्याकाळी एकट्याने शिट्टी फुंकत उभं राहावं लागेल, सांगा बरं?

पण वाटप सारखं केलं म्हणजे न्याय झाला, असं मात्र समजू नका. इथे जरा थांबून विचार करायला हवा. बागायतदाराने एक दिवस मैदानावर घातला तर त्याच्या घरची चूल थांबत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बापाने तोच दिवस घातला तर त्या दिवसाचा रोज बुडतो. दोघांची पाळी एक, पण ओझं एक नाही. म्हणून मैदानाची कामं बाजाराच्या दिवशी धरावीत. आपल्याकडे बऱ्याच गावांत बाजाराच्या दिवशी मजुरीची सुट्टी असते. सरावाला थांबायचं काम संध्याकाळचंच असतं, त्यात कुणाचा रोज मोडत नाही. ज्याला जे परवडतं ते त्याने सभेत उभं राहून स्वतःच्या तोंडाने घ्यावं. कारभाऱ्यांनी परस्पर नावं टाकू नयेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काय, हा प्रश्न तर आपल्या भागात हमखास येणार. दिवाळी झाली की नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, पोरगं आजीजवळ राहतं. खेळाचा हंगाम आणि तोडणीचा हंगाम एकच. मग त्या घराने पाळी द्यायची कधी? त्याचंही उत्तर आहे. मैदानाचं काम फक्त हिवाळ्यात असतं असं कुठे आहे? पावसाळ्यात गवत काढायचं असतं, पाणी साचू नये म्हणून चर मारायचे असतात, कडेने झाडं लावायची असतात. ही माणसं गावात असतात तेव्हाची पाळी त्यांना द्या. ते नाही म्हणणार नाहीत. उलट त्यांचं पोर मैदानावर असताना आपण शेकडो कोसांवर असतो, याची खंत त्यांनाच जास्त असते.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो. "माझी पाळी राहू द्या, दोन हजार जास्त घ्या आणि माणूस लावा," असं म्हणणारी घरं निघतील. त्यांचे पैसे घ्या, पण निदान एक पाळी त्यांच्याकडूनही घ्याच. पैसेवाल्याने पैशाने सुटायचं आणि गरिबाने राबायचं, अशी वाटणी एकदा पडली की मंडळात मालक आणि गडी तयार होतात. पोरांना ते बरोबर कळतं. आणि जो बाप एकदाही मैदानावर आला नाही तो पोराला पंचाने बाद दिल्यावर भांडायला मात्र सगळ्यांच्या पुढे असतो, हा अनुभव कुणाला नाही? एक दिवस खडे वेचले असते तर जीभ जरा आवरली असती.

आता घरातल्या बायकांच्या कामाबद्दल. गावात स्पर्धा भरली, बाहेरचे आठ संघ आले की शंभराच्या वर माणसांच्या भाकऱ्या थापतं कोण? मंडळाच्या अहवालात देणगीदारांची नावं येतात, प्रमुख पाहुण्यांचं नाव येतं, मंडपवाल्याचे आभार मानले जातात. पहाटे चारला उठून पिठलं-भाकरी करणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. ते "घरचंच" म्हणून सोडून दिलं जातं. हाताची वर्गणी मोजायची ठरली तर हे काम पहिलं मोजलं पाहिजे. ज्या घराने वीस माणसांच्या भाकऱ्या दिल्या त्या घराची एक पाळी फिटली, असं वहीत लिहा. आणि त्या पाळीवर घरधन्याचं नाव न लिहिता त्या माउलीचं नाव लिहा.

मुलींच्या संघाचा विषय यालाच जोडून येतो. आमचं निरीक्षण असं आहे, की मुलींचा संघ पैशावाचून कमी अडतो, सोबतीवाचून जास्त अडतो. ड्रेस असतात, गाडीही ठरते, पण रात्री उशिरा परत यायचं म्हटल्यावर बाप नाही म्हणतो. त्याचं चूक म्हणता येत नाही. बारा पोरी आणि बरोबर एकटा प्रशिक्षक, अशी गाडी कुणी पाठवावी? आणि पाठवू नयेच. पण दर खेपेला दोन आया बरोबर जायच्या, हे हंगामाच्या सुरुवातीलाच पाळी लावून ठरलेलं असलं तर त्याच बापाची हरकत निघून जाते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या दिवशी आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या गावची पोरगी तालुक्याला जायची तेव्हा तिच्या गाडीत बसायला किती जणी तयार होतात, हे ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन बघावं.

वर्गणीच्या पैशाकडे वळू. मंडळं मोडायचं हे दुसरं कारण आहे. कुणी पैसे खाल्लेच असतात असं नाही, बऱ्याचदा कुणी काहीच खाल्लेलं नसतं. पण हिशेब वेळेवर सांगितला नाही की संशय वाढतो आणि संशयाने भावकी फुटते, तिथे मंडळ किती टिकणार? पूर्वी पावतीपुस्तक तरी असायचं. आता लोक फोनवरून पैसे पाठवतात. सोय चांगली आहे. पण मंडळाच्या कागदावर छापलेला तो चौकोनी कोड कुणाच्या खात्याचा आहे, हे विचारलं का कधी? अनेकदा तो एखाद्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा असतो. त्यात त्याच्या घरचे पैसे, दुधाचे पैसे आणि मंडळाचे पैसे एकत्र होतात. पोरगं प्रामाणिक असलं तरी वर्षाच्या शेवटी त्याला स्वतःलाही हिशेब लागत नाही. मंडळाची नोंदणी करून घ्या, मंडळाच्या नावाचं खातं काढा, दोघांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही अशी व्यवस्था ठेवा. फोनवर आलेल्या रकमेचीही कागदी पावती फाडा. आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाला गाव जमतोच, तिथे पाच मिनिटांत जमा-खर्च मोठ्याने वाचून दाखवा. त्याचबरोबर पाळ्यांची वहीही वाचा. पैसा किती आला आणि हात किती आले, दोन्ही गावाला कळू द्या.

एक बारकी गोष्ट आधीच ठरवून ठेवा, ती म्हणजे बक्षिसाची रक्कम. जत्रेच्या स्पर्धांत रोख बक्षिसं असतात. जिंकल्यावर ती पोरांनी वाटून घ्यायची, मंडळात जमा करायची, की निम्मी-निम्मी, हे जिंकायच्या आधी लिहून ठेवलेलं बरं. जिंकून आलेला संघ परतीच्या गाडीत बक्षिसावरून फुटला, असं आपल्या गावात व्हायला नको.

पुढाऱ्यांच्या देणगीचंही स्पष्ट बोलायला हवं. निवडणूक जवळ आली की ड्रेसचे गठ्ठे येतात, चषक येतात, मॅटसुद्धा येते. घ्यावं की घेऊ नये? आम्ही म्हणतो, पावती फाडून घ्यावं. पण ड्रेसच्या पाठीवर कुणाचं नाव आणि छातीवर कुणाचा फोटो, हे मंडळाच्या सभेने ठरवावं, देणाऱ्याने नव्हे. घरटी वर्गणी आणि घरटी पाळी जिथे चालते, त्या मंडळाला हे ठरवायची ताकद असते. जिथे सगळा खर्च एकाच माणसाच्या खिशातून येतो, तिथे त्या माणसाचा पुतण्या खेळ येवो न येवो, संघात असतोच.

"हे सगळं सरकारने करायला नको का?" असं काहीजण विचारतील. करायला हवंच. पुण्याजवळ बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी मोठं क्रीडानगर उभं राहिलं. तालुका तिथे क्रीडा संकुल ही योजनाही आली. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत. हे सगळं मागायचंच, मिळालं नाही तर भांडायचंही. ग्रामपंचायतीने मैदानाची जागा मोकळी ठेवावी, तिच्यावर अतिक्रमण होऊ देऊ नये, हा तर ग्रामसभेत लावून धरायचा विषय आहे. पण तालुक्याचं संकुल आपल्या वस्तीपासून दहा-पंधरा मैलांवर. दहा वर्षांचं पोरगं रोज संध्याकाळी तिथे जाणार आहे का? त्याचा खेळ सुरू होणार तो शाळेमागच्या मातीवरच. आणि तिथली फक्की मारायला कुठलंही खातं माणूस पाठवणार नाही.

शेवटी एक नियम, आणि आमच्या मते तोच सगळ्यात मोठा. घराचं देणं ठरवा, वहीत लिहा, थकलं तर घरी जाऊन मागा. पण त्या थकबाकीपायी पोराला बाहेर बसवू नका. बाप दारू पीत असेल, आई एकटी राबत असेल, कुणी आजारी असेल, कुणाचं पीक गेलं असेल. त्यात त्या पोराचा काय दोष? सरावाच्या आधी रांगेत उभं करून "तुझ्या घरची वर्गणी आली नाही" असं चार पोरांत विचारायचं, किंवा लाऊडस्पीकरवरून थकलेल्यांची नावं वाचायची, हे प्रकार ताबडतोब बंद झाले पाहिजेत. असं एकदा ऐकलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही. त्याच्या पायात किती वेग होता, हे मग कुणालाच कळत नाही. त्या घराचे पैसे सभेने माफ करावेत, पाळी जमेल तशी घ्यावी, आणि याची चर्चा मोठ्या माणसांतच ठेवावी.

तेव्हा पुढच्या वेळी पावतीपुस्तक दारात आलं की शंभर रुपये द्याच, पण पोरांना एक प्रश्न विचारा. "मंडळाची सभा कधी आहे?" ठरलेली नसेल तर म्हणा, येत्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारावर घ्या, आम्ही येतो. एक दोनशे पानी वही आणा. डाव्या पानावर पैसे, उजव्या पानावर पाळ्या. पहिली पाळी कुणाची, असं विचारलं की सभेत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. तेव्हा तुमचं नाव तुम्हीच सांगा.